आंबा खरेदी प्रणाली, रत्नागिरी: ब्राउझर ॲड-ऑनच्या प्रकल्प नोंदी

आवाका: बागायतदारांकडून येणाऱ्या हापूसची आवक, वर्गवारी, पेट्यांची नोंद आणि हिशेबाची पावती. ऑफिससाठी डेटाव्हर्सवरचं (मायक्रोसॉफ्टची डेटा साठवणारी सेवा) मॉडेल-ड्रिव्हन ॲप (टेबलांवरून फॉर्म बनणारं), पॅकिंग शेडमधल्या काट्यावर मोबाइलसाठी कॅनव्हास ॲप (पडदे हाताने मांडलेलं), दोन्हींच्या मागे पॉवर ऑटोमेटचे फ्लो (आपोआप चालणाऱ्या कामांच्या साखळ्या). डेव्हलपमेंट, चाचणी आणि चालू (खऱ्या कामाची) अशी तीन एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे प्रणालीच्या वेगवेगळ्या प्रती. या नोंदी फक्त ब्राउझरच्या बाजूच्या आहेत: कोणतं ॲड-ऑन कशासाठी घेतलं, त्याने काय सुटतं, काय बिघडतं आणि कुठे ते मुळीच नको.

६ जानेवारी २०२५

आधी एज ब्राउझरमध्ये प्रत्येक एन्व्हायर्न्मेंटसाठी वेगळं प्रोफाइल केलं आणि प्रत्येकाला वेगळा थीम रंग दिला. चालू एन्व्हायर्न्मेंटचं प्रोफाइल लाल. त्यात एकही ॲड-ऑन नाही आणि पुढेही येणार नाही. डेव्हलपमेंटच्या प्रोफाइलमध्ये सध्या तीनच: लेव्हल अप (फॉर्मच्या आतलं दाखवणारं), पॉवर ऑटोमेट टूल्स (फ्लोची व्याख्या बदलू देणारं) आणि रिक्वेस्टली (ब्राउझरच्या विनंत्या बदलणारं).

इतकी काटकसर का, याचं कारण नोंदवून ठेवायला हवं. ॲड-ऑनला वेगळा पासवर्ड लागत नाही. ज्या टॅबमध्ये ते चालतं, त्या टॅबमधल्या लॉगिनला जे करता येतं ते सगळं त्याला करता येतं. सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगिन असेल तर ॲड-ऑनही ॲडमिनिस्ट्रेटर. शिवाय ते आपोआप अपडेट होतं, म्हणजे आज तपासलेला कोड उद्या तोच असेल याची खात्री नाही. २०२४च्या डिसेंबरात नाताळच्या सुमारास सायबरहेवन या सुरक्षा क्षेत्रातल्याच कंपनीचं क्रोम एक्स्टेन्शन (ॲड-ऑनचंच दुसरं नाव) असंच हल्लेखोरांच्या हाती गेलं. फसव्या मेलवरून स्टोअरच्या खात्याचा ताबा गेला आणि वापरणाऱ्यांच्या ब्राउझरमध्ये घातक आवृत्ती आपोआप उतरली. त्याआधी २०२१च्या फेब्रुवारीत गूगलने द ग्रेट सस्पेंडर हे लोकप्रिय एक्स्टेन्शन मालकी बदलल्यानंतर घातक कोडमुळे बंद केलं होतं. दोन्ही वेळा वापरणाऱ्यांनी नवीन काहीही इन्स्टॉल केलेलं नव्हतं.

म्हणून यादीत यायचं असेल तर ॲड-ऑनने रोज पडणारा एखादा प्रश्न सोडवला पाहिजे. "असू दे, कधीतरी लागेल" हे कारण चालणार नाही.

९ जानेवारी

साइट ॲक्सेस आवळला. एक्स्टेन्शन्सच्या पानावर प्रत्येकाच्या तपशिलात जाऊन "सर्व साइट्सवर" ऐवजी "ठरावीक साइट्सवर" केलं. भारतातल्या डेटाव्हर्सचा पत्ता "सीआरएम८ डॉट डायनॅमिक्स डॉट कॉम" असा संपतो. लेव्हल अपला त्यातला आपल्या डेव्हलपमेंटचा पूर्ण पत्ता दिला, पॉवर ऑटोमेट टूल्सला मेकर पोर्टलचा. बँक, मेल, जीएसटी पोर्टल यांच्याशी या दोघांचा काही संबंध नाही, तो दरवाजा बंदच असलेला बरा.

ऑफिसातल्या बाकी मशीनवर धोरणानेच बंदी घातली. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांचा साठा) एचकेएलएम, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, एज या वाटेने जाऊन "एक्स्टेन्शन इन्स्टॉल ब्लॉकलिस्ट" नावाची की करायची. त्यात "१" नावाची स्ट्रिंग आणि किंमत म्हणून नुसती फुली (*). मग शेजारी "अलाऊलिस्ट" करून त्यात परवानगी असलेल्यांचे आयडी. आयडी ३२ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी ए ते पी एवढीच अक्षरं येतात. क्यू किंवा अंक दिसला तर कॉपी करताना गडबड झाली असं समजावं. एकाच ॲड-ऑनचा क्रोम स्टोअरमधला आणि एज स्टोअरमधला आयडी वेगळा असतो. अलाऊलिस्ट भरूनही ॲड-ऑन अडतं तेव्हा बहुतेकदा हेच कारण निघतं. शेवटी एजच्या पॉलिसी पानावर "रीलोड पॉलिसीज" दाबून दोन्ही ओळी "ओके" दिसतात का ते पाहायचं.

मशीन डोमेनला जोडलेलं नसेल तर सक्तीने इन्स्टॉल करण्याची यादी फक्त एजच्या स्वतःच्या स्टोअरमधल्या ॲड-ऑनपुरतीच चालते.

१६ जानेवारी

लेव्हल अपचं रोज लागणारं बटण म्हणजे लॉजिकल नावं. फॉर्मवर प्रत्येक लेबलच्या जागी कॉलमचं खरं नाव दिसतं, ते क्लिक करून कॉपी होतं. सोल्यूशन (ॲपच्या भागांचा गठ्ठा) उघडा, टेबल शोधा, कॉलम शोधा, हा फेरा वाचतो.

पण हे नाव सगळीकडे चालत नाही. आवकीच्या लॉटला बागायतदार जोडणारी स्क्रिप्ट "अनडिक्लेअर्ड प्रॉपर्टी" या एररने पडत होती. एररमध्ये पुढे असंही असतं की प्रॉपर्टीला फक्त ॲनोटेशन आहे, किंमत नाही. वाचून काही बोध होत नाही. कारण सरळ आहे. लॉजिकल नाव नेहमी लहान अक्षरांत असतं. पण वेब एपीआयमधून (कोडने डेटा वाचण्या-लिहिण्याचा मार्ग) लुकअप (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी जोडणारं फील्ड) भरताना "ओडेटा डॉट बाइंड"च्या आधी नेव्हिगेशन प्रॉपर्टीचं नाव लागतं आणि त्यात लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी पाळावी लागतात. आपण बनवलेल्या लुकअपमध्ये ते सहसा स्कीमा नावासारखं (कॉलमचं मोठ्या-लहान अक्षरांसहचं नाव) असतं: प्रीफिक्स, अंडरस्कोअर, मग "बागायतदार"चा बी कॅपिटल. तो बी लहान लिहिला की हीच एरर.

वाचताना तिसरंच रूप लागतं: आधी अंडरस्कोअर, मग लहान अक्षरांतलं लॉजिकल नाव, शेवटी "अंडरस्कोअर व्हॅल्यू". म्हणजे एका कॉलमची तीन रूपं, आणि ॲड-ऑन त्यातलं एकच दाखवतं. नेव्हिगेशन प्रॉपर्टीचं नाव खात्रीने पाहायचं तर एक्सआरएम टूलबॉक्समधलं मेटाडेटा ब्राउझर उघडून मेनी-टू-वन संबंध पाहावेत. एक्सआरएम टूलबॉक्स हे विंडोजवरचं वेगळं सॉफ्टवेअर आहे, ब्राउझरच्या यादीत ते येत नाही. पण ब्राउझर जिथे कमी पडतो तिथे तेच कामाला येतं.

कॅनव्हास ॲप आणि कस्टम पेजवर हे बटण उपयोगाचं नाही. तिथे मॉडेल-ड्रिव्हन फॉर्मच नसतो.

२२ जानेवारी

वेब एपीआयचा पत्ता थेट ॲड्रेसबारमध्ये टाकला की लुकअपच्या जागी नुसता जीयूआयडी (नोंदीचा लांबलचक ओळखक्रमांक) येतो. नाव हवं तर प्रेफर हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणारी सूचना) ॲनोटेशन, म्हणजे जोडमाहिती, मागावी लागतात, आणि ॲड्रेसबारमधून हेडर जात नाही. रिक्वेस्टलीमध्ये हेडर बदलण्याचा नियम करून भागलं. नियम फक्त हव्या त्या पत्त्यावर लावावा आणि काम झालं की बंद करावा. सगळ्या होस्टवर चालू राहिला तर ॲपच्या स्वतःच्या विनंत्यांमधलं प्रेफर हेडर झाकलं जातं. त्यात पानाचा आकारही असतो, मग ग्रिड विचित्र वागतं.

२९ जानेवारी

आजची नोंद महत्त्वाची आहे.

लेव्हल अपमधला गॉड मोड दाबला की फॉर्मवरची लपवलेली फील्ड दिसू लागतात, कुलूपबंद फील्ड उघडतात, अनिवार्य फील्डची सक्ती उठते. चाचणीत एखादा अडकलेला रेकॉर्ड सोडवायला हे सोयीचं आहे. पण याचा खरा उपयोग वेगळा: सुरक्षा नक्की कुठे बसवली आहे, हे तो एका क्लिकमध्ये दाखवतो.

वर्गवारीच्या टेबलावर बसणाऱ्यांना बागायतदाराशी ठरलेला भाव दिसू नये, अशी अट आहे. पहिल्या मांडणीत भावाचं फील्ड फॉर्म स्क्रिप्टने भूमिका तपासून लपवलेलं होतं. वर्गवारीच्या भूमिकेतल्या चाचणी खात्याने गॉड मोड लावताच डझनाचा भाव समोर. यात ॲड-ऑनने काहीही तोडलेलं नाही. किंमत सर्व्हरने आधीच ब्राउझरला दिलेली होती, ॲड-ऑनने फक्त पडदा बाजूला केला. हेच काम डेव्हटूल्सच्या (ब्राउझरमधली तपासणीची साधनं) कन्सोलमधून कुणालाही करता येतं. फॉर्मवरचं लपवणं ही मांडणीची सोय आहे. तिला सुरक्षा म्हणता येत नाही.

उपाय कॉलम पातळीच्या सुरक्षेचा. पायऱ्या:

भावाच्या कॉलमच्या प्रगत पर्यायांत "एनेबल कॉलम सिक्युरिटी" चालू केलं. कॉलम सिक्युरिटी प्रोफाइल बनवून त्यात वाचणं, बदलणं, नव्याने भरणं या तिन्हींना परवानगी दिली आणि हिशेबाच्या टीमला त्यात घातलं. पब्लिश. आता बाकीच्यांना त्या जागी फक्त फुल्या दिसतात. गॉड मोड लावूनही फुल्याच, वेब एपीआयमधून मागितलं तर रिकामं.

त्यापाठोपाठ दोन गोष्टी मोडतात, त्या आधीच शोधाव्यात. एक: फॉर्मवरची स्क्रिप्ट भाव गुणिले डझन करून रक्कम काढत असेल, तर परवानगी नसलेल्या माणसाच्या ब्राउझरमध्ये भाव रिकामा येतो आणि रक्कम शून्य होऊन सेव्ह होते. कुठलीही एरर येत नाही, हिशेब मात्र चुकतो. हा हिशेब सर्व्हरवर न्यायला हवा. दोन: रक्कम कॅल्क्युलेटेड कॉलम केली तरी तो कॉलमही सुरक्षित करावा लागतो. रक्कम दिसते, डझन दिसतात, मग भाव काढायला भागाकारच पुरतो.

ॲडमिनिस्ट्रेटरला सुरक्षित कॉलम नेहमीच दिसतात. त्या लॉगिनवरून "सगळं नीट दिसतंय" म्हणण्याला अर्थ नाही.

बिझनेस रूलचंही तसंच. त्याची व्याप्ती फॉर्मपुरती असेल तर तो ब्राउझरमध्येच चालतो आणि गॉड मोडपुढे टिकत नाही. व्याप्ती "एंटिटी" केली की तो सर्व्हरवरही चालतो. सक्तीचे नियम तिथेच ठेवावेत.

५ फेब्रुवारी

दुसऱ्याच्या नजरेने ॲप पाहायला लेव्हल अपमधलं इम्पर्सोनेट वापरलं. युजर निवडला की डेटाव्हर्सला जाणाऱ्या विनंत्यांना त्या युजरच्या ओळखीचं हेडर जोडलं जातं. त्यासाठी "दुसऱ्याच्या वतीने कृती" हा अधिकार लागतो, डेलिगेट भूमिकेत तो असतो.

लक्षात ठेवायचं ते असं. डेटा बदलताना दोघांकडे जे समान अधिकार आहेत तेवढेच लागू होतात, म्हणून चाचणी करणाऱ्याचे अधिकार पुरेसे मोठे हवेत. नाहीतर अडकतो एक आणि दोष दुसऱ्याच्या भूमिकेवर येतो. तयार केलेल्या रेकॉर्डवर "क्रिएटेड बाय"मध्ये ज्याच्या नावाने पाहतोय तो येतो, आणि "क्रिएटेड बाय (डेलिगेट)"मध्ये खरा करणारा. चाचणीनंतरचा कचरा साफ करायला हा दुसरा कॉलम फार उपयोगी, व्ह्यूमध्ये टाकून ठेवला. फ्लोला यातलं काही लागू नाही, तो आपल्या कनेक्शनच्या अधिकारांवरच चालतो. आणि काम संपलं की इम्पर्सोनेशन थांबवून पान रीलोड करायचं, कायम.

अंतिम तपासणी मात्र खऱ्या चाचणी खात्याने, इनप्रायव्हेट विंडोत. तिथे मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय ॲड-ऑन चालत नाहीत, त्यामुळे वापरणाऱ्याला जसं दिसेल तसंच दिसतं.

११ फेब्रुवारी

फॉर्म स्क्रिप्टमध्ये एक ओळ बदलायची, अपलोड करायची, पब्लिश करायचं, रीलोड करायचं. दिवसभर हेच चाललं तर काम पुढे सरकत नाही, आणि डेव्हलपमेंट एन्व्हायर्न्मेंट सामाईक असेल तर एकाचं पब्लिश दुसऱ्याच्या आड येतं.

पहिला पर्याय ब्राउझरमध्येच आहे, ॲड-ऑन लागत नाही: लोकल ओव्हरराइड्स. एफ१२, सोर्सेस, ओव्हरराइड्स, फोल्डर निवडायचं, वर येणाऱ्या पट्टीवर परवानगी द्यायची. मग नेटवर्क टॅबमध्ये आपल्या स्क्रिप्टवर राइट क्लिक करून "ओव्हरराइड कंटेंट". बदल करून कंट्रोल एस. फाइलवर जांभळा ठिपका आला म्हणजे बदललेली प्रत चालू आहे. डेव्हटूल्स बंद केलं की मूळ फाइल परत.

याची अडचण मॉडेल-ड्रिव्हन ॲपमध्ये येते. वेब रिसोर्सच्या (ॲपमध्ये ठेवलेली स्क्रिप्टसारखी फाइल) पत्त्यात "वेबरिसोर्सेस"च्या आधी महिरपी कंसातला एक लांब आकडा असतो. कॅशे टाळण्यासाठी तो असतो आणि पब्लिश झालं की बदलतो. ओव्हरराइड पूर्ण पत्त्याला बांधलेलं असल्यामुळे दुसऱ्या कुणी काहीही पब्लिश केलं की आपला ओव्हरराइड गुपचूप सुटतो. कोड बदलतोय पण परिणाम दिसत नाही, असं झालं की आधी जांभळा ठिपका पाहावा.

म्हणून रिक्वेस्टलीचा रीडायरेक्ट नियम. अट रेजेक्सची (अक्षरांचा साचा जुळवणारी ओळ) ठेवून फक्त शेवटचा भाग जुळवायचा: "वेबरिसोर्सेस" स्लॅश आपल्या फाइलचं नाव. मधला आकडा काहीही असो. पाठवायचं ठिकाण म्हणजे आपल्याच मशीनवरचा सर्व्हर. व्हीएस कोडमधलं लाइव्ह सर्व्हर पुरेसं आहे, त्याचा ठरलेला पोर्ट ५५००. रेजेक्समध्ये फाइलच्या नावातल्या टिंबाआधी उलटा स्लॅश द्यायचा. आणि लुकअहेड (पुढे काय येतंय ते पाहून जुळवणं) वापरायचा नाही: मॅनिफेस्ट व्ही३च्या (ॲड-ऑनच्या रचनेची नवी आवृत्ती) ॲड-ऑनमध्ये असे नियम ब्राउझरच चालवतो आणि त्याची रेजेक्स आरई२ पद्धतीची असते, तीत लुकअहेड बसत नाही.

नेटवर्क टॅबमध्ये "डिसेबल कॅशे"वर खूण हवीच. ती खूणसुद्धा डेव्हटूल्स उघडं असेपर्यंतच लागू असते.

रात्री मशीन बंद करण्याआधी नियम बंद करावा. सकाळी स्थानिक सर्व्हर सुरू नसेल आणि नियम चालू असेल, तर स्क्रिप्टच सापडत नाही आणि फॉर्म उघडतानाच एरर येते.

१८ फेब्रुवारी

चाचणीतली तक्रार: आवक फॉर्म अर्ध्यात पांढरा होतो. कन्सोलमध्ये "फेल्ड टू एक्झिक्यूट रिमूव्हचाइल्ड ऑन नोड". सर्व्हरवर काहीच खुणा नाहीत, डेव्हलपमेंटमध्ये घडत नाही.

कारण भाषांतर. लेबलं इंग्रजीत होती, ब्राउझर मराठीत, त्याने "या पानाचं भाषांतर करू का?" विचारलं आणि काट्यावरच्या माणसाने हो म्हटलं. भाषांतर करताना ब्राउझर मजकुराभोवती स्वतःचे फॉन्ट टॅग घालतो. ॲपचा पडदा रिॲक्टवर (पडदे बनवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) उभा आहे. रिॲक्टला आपण बनवलेला नोड (पानाचा तुकडा) ठेवल्या जागी सापडला नाही की तो काढताना कोसळतो. एलिमेंट्स टॅबमध्ये असे उपरे फॉन्ट टॅग दिसले की निदान पक्कं.

तात्पुरता उपाय: त्या साइटसाठी "कधीही भाषांतर करू नका", किंवा "ट्रान्सलेट एनेबल्ड" हे धोरण बंद. भाषांतराच्या वेगळ्या ॲड-ऑनलाही हेच लागू, म्हणून तीही बंदीत. खरा उपाय मात्र मराठी लेबलं. शेडमधल्या माणसाने मागितलं ते योग्यच होतं. आवक, काटा आणि पावती हे तिन्ही फॉर्म मराठीत करायला घेतले.

२१ फेब्रुवारी

गावनिहाय आवकीच्या तक्त्यात मिऱ्या दोनदा. दोन्ही ओळी डोळ्यांना सारख्या, शेवटी स्पेस नाही.

यासाठी ॲड-ऑन शोधण्यापेक्षा बुकमार्कलेट बरं. आवडत्या पानांच्या पट्टीवरच्या एका बुकमार्कमध्ये पत्त्याऐवजी जावास्क्रिप्टची एक ओळ: निवडलेला मजकूर घ्या, अक्षरं सुटी करा, प्रत्येकाचा कोडपॉइंट (अक्षराचा युनिकोडमधला क्रमांक) सोळावर आधारलेल्या हेक्स पद्धतीत दाखवा. त्याला कायमची परवानगी लागत नाही, ते आपोआप अपडेट होत नाही, दाबल्याशिवाय चालत नाही. छोट्या कामांसाठी आजही हाच मार्ग सर्वांत सुरक्षित आहे.

निकाल असा. एका मिऱ्यात सहा कोडपॉइंट: म, ऱ्हस्व इकार, ऱ (०९३१), हलन्त (०९४डी), य, काना. दुसऱ्यात सात: ऱ ऐवजी साधा र (०९३०), हलन्त, आणि मग न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर (२००डी). दोन कीबोर्डांनी एकच अक्षर दोन पद्धतींनी काढलेलं, पडद्यावर अगदी एकच दिसणारं. तिसरी पद्धतही आहे, र खाली नुक्ता (०९३सी). युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करण्याची पद्धत) ही तिसरी पहिल्यात बदलते. जॉइनरवाली बदलत नाही, ती हाताने बदलावी लागते.

कॅनव्हास ॲपमध्ये सेव्ह करण्याआधी सब्स्टिट्यूट हे बदली करणारं फंक्शन वापरलं: युनिकॅर २३५२, २३८१ आणि ८२०५ (वरचेच क्रमांक, दशमान पद्धतीत) हे तिघं सलग आले की त्याजागी युनिकॅर २३५३ आणि २३८१. पण एक्सेलमधून येणारा डेटा या वाटेने येतच नाही, म्हणून तीच बदली सर्व्हरवर प्लगइनमध्ये, सेव्ह होण्याआधीच्या टप्प्यात, एनएफसी सामान्यीकरणानंतर. ॲ या अक्षराचीही हीच कथा: एकसंध ०९७२, किंवा अ वर अर्धचंद्र, ०९०५ आणि ०९४५. यांनाही एनएफसी एक मानत नाही.

गाव मात्र मुळात टाइप करायची गोष्टच नव्हे. गावांचं टेबल केलं: मिऱ्या, भाट्ये, गोळप, पावस, पूर्णगड, जयगड अशी सगळी, आणि फॉर्मवर लुकअप. सामान्यीकरण आता बागायतदाराच्या नावापुरतं उरलं. तिथे ते लागणारच.

२७ फेब्रुवारी

पॉवर ऑटोमेट टूल्समुळे फ्लोची जेसन (मजकुराच्या रूपातली) व्याख्या वेगळ्या टॅबमध्ये उघडते आणि बदलून सेव्ह करता येते. डिझायनरमधलं "पीक कोड" नुसतं दाखवतं. पावतीच्या फ्लोमधल्या कृतींची नावं बदलून तो शब्द सगळ्या एक्स्प्रेशनमध्ये एकदम बदलणं, स्विचच्या एका फांदीवरून बाकीच्या वर्गांच्या फांद्या तयार करणं, ही कामं इथे लवकर होतात. कृतीच्या नावात स्पेस असेल तिथे एक्स्प्रेशनमध्ये अंडरस्कोअर असतो, शोधताना दोन्ही रूपं शोधावीत.

क्रम पाळावा: आधी सोल्यूशन एक्स्पोर्ट करून प्रत ठेवायची. जेसन उघडल्यावर डिझायनरचा टॅब बंद करायचा, कारण शेवटी जो सेव्ह करेल त्याचं टिकतं आणि उघड्या डिझायनरमधलं जुनं चित्र नव्या बदलांवर बसतं. मग व्हॅलिडेट, मग सेव्ह. ॲड-ऑनला फ्लोचं पान उघडल्यावर तिथलं टोकन (लॉगिनची तात्पुरती किल्ली) मिळतं. ते जुनं झालं की सेव्ह फसतं. अशा वेळी जेसन आधी नोटपॅडमध्ये कॉपी करून मगच फ्लोचं पान रीलोड करावं.

चाचणी आणि चालू एन्व्हायर्न्मेंटमध्ये हे वापरायचं नाही. मॅनेज्ड (इम्पोर्टने आलेला) फ्लो तिथे जागच्या जागी बदलला की त्यावर अनमॅनेज्ड (हाताने केलेल्या बदलांचा) थर चढतो, आणि पुढच्या इम्पोर्टमधले बदल त्या थराखाली दडतात. इम्पोर्ट यशस्वी, वागणूक जुनीच.

५ मार्च

शेडमधली रेंज धरून तपासणी. नेटवर्क टॅबमध्ये स्वतःचं थ्रॉटलिंग (मुद्दाम वेग कमी करणारं) प्रोफाइल: डाउनलोड ४०० केबीपीएस, अपलोड १५०, लेटन्सी ६०० मिलिसेकंद. या वेगाला काट्याच्या पडद्यावरचं सेव्हचं बटण पुन्हापुन्हा दाबलं जातं आणि एकाच लॉटच्या दोन नोंदी होतात. सेव्ह सुरू होताच बटण निष्क्रिय केलं, शिवाय लॉट क्रमांक आणि तारीख यांवर ऑल्टरनेट की (तीच जोडी दुसऱ्यांदा येऊ न देणारी) लावली.

रेंज पूर्ण गेल्यावरचं वागणं ब्राउझरमध्ये तपासून उपयोग नाही. सेव्हडेटाला (कॅनव्हास ॲपमधलं, डेटा मशीनवरच साठवणारं फंक्शन) वेबवर १ एमबीचीच मर्यादा आहे, मोबाइलच्या पॉवर ॲप्समध्ये तशी नाही. ते फोनवरच पाहावं.

११ मार्च

शिमग्याला माणसं गावी जाणार, पालख्या संपेपर्यंत पब्लिश बंद. त्याआधी वापराच्या पुस्तिकेचे स्क्रीनशॉट पुरे केले. पूर्ण पान टिपणारी ॲड-ऑन मॉडेल-ड्रिव्हन फॉर्मवर अर्धंच टिपतात, कारण स्क्रोल पानाला नसून आतल्या डब्याला असतो. डेव्हटूल्सच्या डिव्हाइस मोडमध्ये उंची ३००० पिक्सेल द्यायची, मग "कॅप्चर स्क्रीनशॉट". बागायतदारांचे फोन आणि बँक खाते क्रमांक झाकायला लेव्हल अपमधलं ब्लर आहे. ते फक्त पडद्यावर धूसर करतं, म्हणून बाहेर चित्रच पाठवावं, पानाची एचटीएमएल प्रत कधीही नाही.

तीच काळजी एचएआर फाइलची (ब्राउझरच्या विनंत्या-उत्तरांची नोंद). सपोर्टकडे ती पाठवताना आतली कुकी आणि टोकनं जात असतात. ऑक्टोबर २०२३मध्ये ओक्टा या लॉगिन सेवा देणाऱ्या कंपनीच्या सपोर्टकडे ग्राहकांनी दिलेल्या अशाच फाइली चोरांच्या हाती लागल्या होत्या. क्रोम १३०पासून साधा एक्स्पोर्ट संवेदनशील भाग गाळून देतो. "संवेदनशील डेटासह" हा पर्याय निवडायचा नाही.

१९ मार्च

हिशेबाच्या मशीनवर दोन तक्रारी, दोन्ही ॲड-ऑनच्या.

कन्सोलमध्ये लाल ओळी, "ब्लॉक्ड बाय क्लायंट". हे शब्द दिसले की सर्व्हर किंवा नेटवर्क तपासत बसू नये. विनंती आपल्याच ब्राउझरमधल्या ॲड-ऑनने अडवली आहे, इथे जाहिरातरोधकाने. अडलेल्या विनंत्या टेलिमेट्रीच्या (वापराची माहिती पाठवणाऱ्या) होत्या, ॲपचं काही बिघडलेलं नव्हतं. पण खऱ्या एररचा शोध त्या गर्दीत हरवतो. आमच्या साइटपुरता रोधक बंद.

दुसरी: रेकॉर्ड नुसता उघडला तरी बंद करताना "बदल सेव्ह झाले नाहीत". कन्सोलमध्ये फॉर्मच्या एंटिटीवर "गेट डेटा एक्सएमएल" चालवलं. सेव्ह करताना सर्व्हरला जाणारी फील्ड ते देतं: बदललेली, आणि नेहमीच पाठवायची ठरवलेली. त्यात बागायतदाराचा ईमेल, आणि किंमत ऑफिसातल्याच एका खात्याची. पासवर्ड मॅनेजर ईमेलचं फील्ड पाहून आपणहून भरत होता. सेव्ह झालं असतं तर पावत्या भलत्याच पत्त्यावर गेल्या असत्या. त्या साइटसाठी ऑटोफिल बंद केलं आणि जुन्या रेकॉर्डमध्ये तोच ईमेल कुठे शिरलाय का, ते ॲडव्हान्स्ड फाइंडने तपासून काढलं.

२७ मार्च

गुढीपाडव्यानंतर चालू एन्व्हायर्न्मेंटवर आवक सुरू. ॲड-ऑनची शेवटची छाननी.

क्रोममध्ये मॅनिफेस्ट व्ही२ची (रचनेची जुनी आवृत्ती) ॲड-ऑन तेव्हा एका धोरणाच्या आधाराने चालत होती. ती सूट जून २०२५पर्यंतचीच होती. त्यामुळे व्ही२वर अडकलेलं काहीही नव्याने घेतलं नाही. व्ही३मध्ये मागचा कोड सर्व्हिस वर्कर म्हणून चालतो आणि ३० सेकंद रिकामा राहिला की ब्राउझर तो बंद करतो. जे ॲड-ऑन टोकन नुसतं मेमरीत ठेवतं, ते चहा पिऊन येईपर्यंत विसरलेलं असतं. अशा वेळी ते काढून पुन्हा घालायची गरज नसते, मूळ पान रीलोड केलं की पुरतं.

अपडेटने नवी, धोक्याची परवानगी मागितली तर ब्राउझर ॲड-ऑन थांबवून विचारतो. तो प्रश्न आला की होकार देण्याआधी परवानगी नेमकी कशासाठी वाढली ते टीममध्ये पाहायचं, आणि कारण सापडलं नाही तर काढून टाकायचं. परवानगी न वाढवता आत शिरलेला घातक कोड या चाळणीत सापडणार नाही. त्यासाठी साइट ॲक्सेसची मर्यादा आणि ॲडमिनिस्ट्रेटर नसलेलं रोजचं लॉगिन हेच दोन आधार.

रिक्वेस्टलीचे सगळे नियम एक्स्पोर्ट करून रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) ठेवले, ब्राउझरमध्ये बंद केले. डेलिगेट भूमिका चालू एन्व्हायर्न्मेंटमधल्या सर्वांकडून काढली. बाकी: पावतीच्या फॉर्मवरची दोन लेबलं अजून इंग्रजीत आहेत, ती ३१ तारखेच्या इम्पोर्टमध्ये.